भाड्याचे घर आणि घरमालकाचा धर्म

पर्युषण पर्व जवळ आले की आपण वर्षभरातील दोषांची आलोचना करतो. व्यापारी जसा दिवाळीला ताळेबंद मांडतो, तसाच हा आत्म्याचा ताळेबंद. यंदा माझ्या खतावणीत एक नोंद अशी आहे की ती वाचकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

बँकेच्या सेवेत असताना अपुऱ्या कागदपत्रांवर मी कधी कोणाचे कर्ज मंजूर केले नाही. पुण्यातील माझी दोन खोल्यांची सदनिका मात्र मी कापड दुकानातील एका गुमास्त्यास दरमहा 9,000 रुपये भाड्याने दिली, ती केवळ नोटरी केलेल्या करारावर. नोंदणी केली की भाडेकरू कायमचा बसेल, ही एक भीती. आणि भाड्याचे उत्पन्न नजरेआड राहील, हा मनातील दुसरा, न उच्चारलेला हेतू.

शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांसाठी त्यांनी मुलीचा अर्ज भरला. सोडतीत तिचे नाव लागले. त्या दिवशी ते पेढे घेऊन आमच्या घरी आले होते. पुढे कागदपत्र पडताळणीत निवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार मागण्यात आला. तो नव्हता. प्रवेश गेला. पुढील वर्षी मुलगी वयाच्या अटीत बसत नव्हती. “जाऊ द्या साहेब,” एवढेच ते म्हणाले.

या प्रसंगानंतर शहरात भाड्याने राहणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास शासनाचे साहाय्य नेमके कोणत्या वाटेने मिळते, याचा मी अभ्यास केला. अमेरिकेत पात्र कुटुंबाने उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के रक्कम भाड्यापोटी द्यावी व उर्वरित भाडे शासकीय यंत्रणेने थेट घरमालकास द्यावे, अशी योजना आहे. आपल्याकडे असे सर्वसाधारण भाडे-अनुदान नाही. साहाय्य येते ते आडवळणाने.

पहिली वाट आयकराची. पगारदारास घरभाडे भत्त्यावर सूट मिळते. भत्ता न मिळणाऱ्यास दरमहा कमाल 5,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, जी 1961 च्या कायद्यातील कलम 80 जीजी म्हणून परिचित आहे. दोन्ही सवलती जुन्या करप्रणालीपुरत्या आहेत. शिवाय ज्याचे उत्पन्नच करपात्र नाही, त्या गुमास्त्यास यातून एक रुपयाही मिळत नाही.

दुसरी वाट घरबांधणीची. 2020 मध्ये केंद्र शासनाने परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना आणली. 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 मध्येही परवडणारी भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक आहे. वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असणारे आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि 6 लाखांपर्यंतचे अल्प उत्पन्न गटात मोडतात. कामगार, स्थलांतरित, विद्यार्थी, नोकरदार महिला यांचा विचार त्यात केला आहे. शासनाच्या रिकाम्या घरांचा वापर हा एक मार्ग, तर खासगी वा सार्वजनिक संस्थांनी अशी संकुले बांधून चालवणे हा दुसरा. म्हणजे येथेही कोणीतरी पुढाकार घेतल्याशिवाय भाडेकरूस दार उघडत नाही.

म्हणूनच भाडेकरूच्या हाती आज सर्वांत मोलाचा दस्त असतो तो नोंदणीकृत कराराचा. आधारवरील पत्ता बदलणे, मुलांचा शाळाप्रवेश अशा अनेक ठिकाणी तोच उपयोगी पडतो.

घरमालकाची भीती मात्र अनाठायी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि वाद झाल्यास कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. उलट लीव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपल्यावर ताबा मिळवण्यासाठी कलम 24 मध्ये सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय आहे. जागा न सोडल्यास दुप्पट शुल्काची तरतूदही त्यातच आहे.

खर्च किती? भाडे 9,000, परत करावयाची अनामत 30,000 आणि मुदत 12 महिने धरली, तर 0.25 टक्के दराने मुद्रांक शुल्क 300 रुपयांच्या आत येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. घरबसल्या ऑनलाइन नोंदणीही होते. एवढ्या रकमेसाठी मी एका मुलीची शाळा घालवली.

आपल्या श्रावकाचारात अचौर्य अणुव्रताचा एक अतिचार ‘विरुद्धराज्यातिक्रम’ सांगितला आहे. राज्याच्या नियमाचे उल्लंघन करून लाभ घेणे, असा त्याचा अर्थ. प्रवचनात हा शब्द अनेकदा ऐकला. तो माझ्या सदनिकेच्या दारावर लिहिलेला आहे, हे उशिरा उमगले.

आपल्या समाजाला शहरातील निवाऱ्याचे मोल नवीन नाही. शेठ माणिकचंद हिराचंद यांनी मुंबईत वसतिगृह उभारले, तेव्हा परगावच्या विद्यार्थ्यास राहण्यास जागा नसेल तर विद्याही नाही, हे त्यांनी जाणले होते. आज आपल्या दुकानांत, पेढ्यांवर काम करणारी माणसे शहराच्या कडेला भाड्याने राहतात. ज्या विश्वस्त संस्थांकडे किंवा व्यापारी संघांकडे जमीन आहे, त्यांनी भाडे-गृहसंकुलाच्या योजनेचा अभ्यास महापालिकेत जाऊन जरूर करावा. ज्यांच्या सदनिका बंद आहेत, त्यांनी त्या वाजवी भाड्याने द्याव्यात. आणि ज्यांनी दिल्या आहेत, त्यांनी करार काढून पाहावा.

मी नवा करार नोंदवला आहे. भाडे विवरणपत्रात दाखवतो आहे. संवत्सरीला सर्वांआधी त्या कुटुंबाकडे जाऊन क्षमा मागणार आहे. ते क्षमा करतीलही. गेलेला प्रवेश मात्र माझ्या खात्यावर नावेच राहील.