डोक्याचा आवाज डोक्यात नसतो!

आधी एक प्रयोग. कंठमण्याच्या जरा खाली बोट ठेवा (बायकांनाही कंठमणी असतो, नजरेत भरत नाही इतकंच) आणि ‘ऊऽऽ’ करत खालून वर मींड घ्या. बोटाखालची दोन कूर्चांमधली फट मिटत चालल्यासारखी वाटेल. कूर्चा झुकते, स्वरतंतू ताणून लांब आणि पातळ होतात, स्वर चढतो. ऑपेरावाल्यांच्या ‘हेड व्हॉइस’चा कारखाना हा असा गळ्यातच. डोक्यात पोचते ती नुसती झिणझिण.

आवाज डोक्यातून निघतो ही चूक मात्र फार जुनी, आणि आपल्याही घरची. तेराव्या शतकात देवगिरीला बसून शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’मध्ये मंद्राला हृदय, मध्याला कंठ आणि ताराला मूर्धा अशी घरं वाटून दिली. त्याच शतकात पॅरिसमधला जेरोम ऑफ मोराव्हिया नावाचा साधू छातीचा, गळ्याचा आणि डोक्याचा असे तीन आवाज सांगत होता. कुणी कुणाची कॉपी केली नव्हती. गाताना सगळ्यांनाच तसं वाटतं!

खरा घोळ छातीच्या आणि डोक्याच्या आवाजाच्या सांध्यावर. तंतू जाडाचे पातळ होताना आवाज चिरकतो; नुकताच कंठ फुटलेल्या पोराला विचारा. आल्प्समधले योडलिंगवाले हा सांधा मिरवतात, ऑपेराचे गवई तो लपवण्यात उमर घालवतात. पिएर फ्रांचेस्को तोसी या गवयानं 1723च्या पुस्तकातच बजावलं होतं, की छातीचा आणि डोक्याचा आवाज असे जोडा की जोड कळू नये.

आणि मग आला टेनर, म्हणजे उंच पट्टीचा गवई, झिल्बेर द्युप्रे. 1837 साली पॅरिसमध्ये रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ ऑपेरातला वरचा ‘सी’ त्यानं छातीच्या दमावर ठोकला. तोवर टेनर तिथं हलका आवाज लावत. पब्लिक खूश! रोसिनीला मात्र तो मान कापल्या जाणाऱ्या कोंबड्याचा आवाज वाटला म्हणे. मला रोसिनीचं पटतं, पण तिकिटं द्युप्रेच्या बाजूनं होती. आधीचा नायक आदोल्फ नुरी नवी तऱ्हा शिकायला इटलीला गेला, त्यात जुना हलका आवाजही गमावून बसला आणि 1839 मध्ये नेपल्सला त्यानं जीव दिला. किस्सा इथं चटपटीत राहत नाही.

हा सगळा खेळ आत नेमका चालतो कसा, हे डॉक्टरच्या आधी गाण्याच्या मास्तरनं पाहिलं. मानुएल गार्सिया! 1854 साली दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात आणि उन्हाचा कवडसा त्यावर पाडून त्यानं स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. गडी 101 वर्षं जगला.

सांधा बुजवायचा सोपा रियाज? स्ट्रॉ तोंडात धरून खालून वर, वरून खाली मींड. आत साठलेला हवेचा दाब तंतूंना अलगद टेकू देतो. अमेरिकेतले आवाजाचे अभ्यासक इंगो टिट्झ यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. तेव्हा उसाचा रस संपल्यावर स्ट्रॉ लगेच फेकू नका. कागदी असली तरी चालते, फक्त भिजायच्या आत रियाज उरका.