हवापालट आधी की तपासणी आधी?

प्रत्येक गावाला आपल्या हवेबद्दल काही ना काही सांगायचे असते. नागपूरचा माणूस आपल्या उन्हाचे किस्से सांगतो, मुंबईकर घामाला वैतागतो आणि पुणेकर आपल्या हवेला नावे ठेवू देत नाही. आम्हा बावडेकरांचे वाक्य ठरलेले असते, "नदी उशाला, मग खोकला असणारच!" कसबा बावड्यात दवाखाना चालवताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की एकदा मीही त्याला फसलो. तो अनुभव आज वाचकांपुढे ठेवतो.

आषाढातली गोष्ट. नदीकाठी ऊस लावणारे, साठी ओलांडलेले एक मामा आले. म्हणाले, "डॉक्टर, पाऊस लागला की खोकला धरतोय. हवाच बाधतीया बघा." मी छाती तपासून औषध दिले. गणपतीत ते पुन्हा आले, खोकला तसाच. "लेक नागपूरला दिलीया. तिकडं हवा कोरडी. दोन महिने जाऊन येऊ काय?" मी म्हणालो, "जावा की मामा, तेवढीच हवापालट!"

दिवाळीनंतर मामा परतले तेव्हा अंगातला सदरा सैल झाला होता. आता मात्र मी थुंकी तपासायला पाठवली. क्षयरोग निघाला. रोज रात्री त्यांच्या कुशीत झोपणाऱ्या नातवालाही तपासणीला न्यावे लागले. चूक मामांची नव्हती, माझी होती.

याचा अर्थ हवेचा प्रकृतीवर परिणाम होत नाही असा नाही. तो होतोच, पण कसा होतो ते समजून घेतले पाहिजे. आपल्या एका जिल्ह्यातच पहा. गगनबावड्याला वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात सुमारे हजार, तर शिरोळकडे त्याहून कितीतरी कमी. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना ओल येते, बुरशी धरते, गाद्यांना कुबट वास येतो. दमेकऱ्याला हे बाधते यात शंका नाही.

नागपूरची गोष्ट वेगळी. तिथे मे महिन्यात पारा कधी कधी ४५ अंशांच्या वर जातो. हवा कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो. त्यामुळे अंगातले पाणी किती गेले ते कळतच नाही. मुंबईत पारा ३४-३५ वरच थांबतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून नागपुरात कूलर कामाला येतो, मुंबईत तो फारसा उपयोगी पडत नाही. हवामान खातेही उष्णतेची लाट ठरवताना सर्वांना एकच माप लावत नाही. मैदानी भागात ४० अंश, किनारपट्टीला ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश गाठल्यावर लाटेचा विचार सुरू होतो. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघरला उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. लग्नकार्यासाठी परगावी जाणाऱ्यांनी पहिले काही दिवस भर दुपारी बाहेर पडू नये आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे.

आता हवापालटीकडे वळू. पूर्वी क्षयावर औषधच नव्हते, तेव्हा डॉक्टर रोग्याला चांगल्या हवेच्या ठिकाणी पाठवत. महाबळेश्वरला प्रचंड पाऊस, पण तिथून जवळच असलेल्या पाचगणीला तो बराच कमी आणि हवा थंड. म्हणून पाचगणीला १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी बेल एअर हे आरोग्यधाम सुरू केले. आपल्या शेजारी मिरजेजवळ वानलेसवाडीलाही क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. तिथे रोग्यांना विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा मिळे, त्याने काहींना उतार पडे. पण छातीतले जंतू काही डोंगरावरच्या हवेने मरत नसत.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आणि इतर औषधे आली. मग मद्रासच्या डॉक्टरांनी एक तुलना केली. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच ठेवले. औषधे दोघांनाही तीच दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी राहून औषधे घेणारे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. गुण औषधाचा होता, हवेचा नव्हे. ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती, तरी त्या दिवशी मी मामांना नागपूरला धाडले.

तेव्हा वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. दमेकऱ्याने पावसाळ्याआधी घरातली ओल काढावी, अंथरुणे उन्हात टाकावीत आणि आपली औषधे चालू ठेवावीत. पण दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, संध्याकाळी कसकस वाटू लागली, वजन घटले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर हवेला दोष देत बसू नका. थुंकी तपासून घ्या. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. औषधे साधारण सहा महिने घ्यावी लागतात. महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नयेत. घरातल्या इतरांनाही दाखवून आणावे.

मामांनी औषधे नेमाने घेतली, तीही बावड्यातच, नदी उशाला ठेवून. पुढच्या आषाढात ते दवाखान्याच्या दारातूनच ओरडले, "डॉक्टर, पाऊस लागलाय, पण खोकला न्हाई!" नातवाला सुदैवाने काही झाले नव्हते.

तेव्हापासून कोणी "हवा बाधली" म्हणत आले, की मी आधी विचारतो, "किती दिवस झाले?"