चार ओळींचं १८१८

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या दैनिकाने ‘दिनविशेष’ बंद केलं. ना निवेदन, ना दिलगिरी. एका सोमवारी ती चौकट गेली आणि राशिभविष्य तेवढं ऐसपैस झालं. चौकशी केली तर उत्तर मिळालं, “काका, ते सगळं आता फोनवर असतं.” फोनवर काय असतं ते मीही रोज बघतो. परवाच सोसायटीच्या ग्रुपवर आलं की, १८१८ साली शनिवारवाड्यावर इंग्रजांचा झेंडा चढला. झेंडा चढला तो १७ नोव्हेंबर १८१७ ला. पण खाली अंगठ्यांची रांग लागलेली. कोणी हूं की चूं केलं नाही.

त्या चौकटीत माझी बरीच वर्षं गेली. सुरुवातीची सांगण्यासारखी नाहीत. कोणाच्या तरी जुन्या वहीतून उतरवायचं आणि कंपोझला द्यायचं, एवढंच काम. शेवटची तर त्याहून नाहीत. तेव्हा सगळेच इंटरनेटवरून उचलत होते, आणि एकाची चूक चार पेपरांत एकाच सकाळी छापून यायची. चौकट खरी नांदली ती नव्वदच्या दशकात. टेबलाच्या खणात तारखेवार लावलेली पुठ्ठ्याची कार्डं होती. नोंद दोन ठिकाणी सापडल्याशिवाय नवं कार्ड करायचं नाही, असा दंडक होता. चित्रावशास्त्र्यांचा चरित्रकोश, विश्वकोशाचे खंड आणि तिथीची तारीख करायला मोडकांची जंत्री, एवढ्यावर भागायचं. प्रूफं वाचणारे एक गृहस्थ १८१८ चं १८८१ झालेलं चष्मा न लावताही पकडत. ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही.

१८१८ हे साल मला त्या कार्डांनी दाखवलं. शाळेच्या पुस्तकात त्याचं एकच वाक्य होतं : पेशवाई बुडाली. कार्डांमध्ये मात्र शेजार होता. १ जानेवारीला भीमेकाठी कोरेगावची लढाई, आणि त्याच दिवशी लंडनमध्ये ‘फ्रँकेन्स्टाईन’ कादंबरी प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या ५०० प्रती निघाल्या आणि वीस वर्षांच्या लेखिकेचं, मेरी शेलीचं, नाव पुस्तकावर नव्हतं. मी कोरेगावच्या ओळीत महार सैनिकांचा उल्लेख करायचो. आमचे त्या वेळचे मुख्य उपसंपादक दरवर्षी तो काढायचे. “वाद नको.” मग उरायचं ते ‘इंग्रज व पेशवे यांच्यात लढाई’. लेखिकेचं नाव तिकडे छापलं गेलं नव्हतं, लढणाऱ्यांचं आम्ही छापलं नाही. बाबासाहेब आंबेडकर १९२७ च्या १ जानेवारीला कोरेगावच्या विजयस्तंभापाशी गेले होते, हेही कार्डावर होतं. तेही छापून यायचं नाही.

दुसरं दुखणं जागेचं. आधी घटना, मग जन्म, शेवटी मृत्यू, असा चौकटीचा क्रम. खासगीकरणाचे वारे वाहू लागले तशा जाहिराती वाढल्या. रात्री नऊला जाहिरात आली की चौकट कापायची, आणि कापायची ती खालून. म्हणजे मेलेले आधी जात. २० फेब्रुवारी १८१८ ला सोलापूरजवळ आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. पेशवा दुसरा बाजीराव निसटला, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले, आणि सेनापती लढता लढता गेला. हे कार्ड मी किती वेळा काढून दिलं असेल आणि किती वेळा ते कात्रीखाली गेलं असेल! उलट ३ जूनला बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला ही ‘घटना’, म्हणून सगळ्यात वर. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन तो बिठूरला गेला आणि १८५१ पर्यंत जगला. रणातही तोच वाचला, आमच्या चौकटीतही तोच.

मे महिना तर पाहण्यासारखा. ५ तारखेला ट्रिअर गावी कार्ल मार्क्स जन्मला. पाचच दिवसांनी, १० तारखेला, रायगड पडला. पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या गेल्या, गडावर आग लागली, राजवाडा जळाला. बाजीरावाची बायको वाराणसीबाई तेव्हा गडावरच होती. सोव्हिएत संघ मोडला त्यानंतरच्या वर्षी व्यवस्थापनातल्या एकाने विचारलं होतं, “मार्क्स आता कशाला?” त्या वर्षी मी हट्टाने दोन्ही नोंदी पाच दिवसांच्या अंतराने लावल्या. डिसेंबरात २४ तारखेला आणखी एक जोडी : मँचेस्टरजवळ भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूलचा जन्म, आणि त्याच संध्याकाळी ऑस्ट्रियात ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ‘सायलेंट नाइट’ हे नाताळगीत पहिल्यांदा गायलं गेलं.

कोणाला कोणाशेजारी बसायचं हे तिथे तारीख ठरवायची. जात, पक्ष, देश यांना विचारत नसे. आता प्रत्येकाच्या ग्रुपवर प्रत्येकाच्याच तारखा येतात आणि दुसऱ्याच्या तारखेचा राग येतो. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा परिसरात दगड पडले, गाड्या जळाल्या, एक तरुण जिवाला मुकला. वर्तमानपत्राच्या चौकटीने ते टळलं असतं असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. पण कोण, कुठे, कोणाच्या बाजूने लढलं हे आम्ही शंभर वेळा सरळ छापलं असतं, तर निदान आमच्या वाचकाला ते पहिल्यांदा फोनवरून कळलं नसतं.

संपादकमहाशय, राशिभविष्य खुशाल ठेवा. फक्त त्याच्या चार ओळी कमी करून दिनविशेषाला द्या, आणि कापायची वेळ आलीच तर या खेपेला वरून कापा.