नेम सोपा, राखण अवघड

१९८१ साली शिकागोच्या विल्यम्स कंपनीने ‘डिफेंडर’ हा अंतराळयुद्धाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. यूजीन जार्विस त्याचे मुख्य रचनाकार. एक दांडा, ५ बटणे आणि सांभाळायची १० माणसे! शत्रूचे यान माणूस उचलून नेते. ते पाडावे, तर उंचावरून कोसळणारा माणूस अधांतरी झेलावा लागतो. घाई केली, तर आपल्याच गोळीने तो मरतो. दहाही गेले, की ग्रहच फुटतो.

आज जुन्या खेळांचे शौकीन या यंत्राभोवती जमतात, तेव्हा खेळतो एकच; बाकीचे वरच्या रडारवर डोळे ठेवून ओरडतात, ‘मागे बघ, नेला!’ शत्रू मारणे हा नेमाचा भाग झाला. आपली माणसे राखायला मात्र चार डोळे जास्तच लागतात, नाही का?