विद्युत एकचाकीची चाल आणि टायरमधील हवेचा दाब

वाहनाच्या चालीचे वर्णन करताना जी विशेषणे योजिली जातात ती बहुधा जोडीने येतात. एक चाक ‘स्थिर’ असते, दुसरे ‘चपळ’. एक ‘जड’, तर दुसरे ‘हलके’. विद्युत एकचाकी चालविणाऱ्यांच्या बोलण्यात ही विशेषणे वारंवार आढळतात; आणि टायरमध्ये हवा किती असावी याविषयी त्यांच्यात जो मतभेद दिसतो, त्याचे बरेचसे मूळ या शब्दांच्या वापरातच आहे. एक जण ज्याला स्थैर्य म्हणतो त्यालाच दुसरा जडपणा म्हणतो; मोजावयाची राशी मात्र बहुतांशी एकच असते. ती राशी कोणती हे कळण्यासाठी प्रथम या वाहनाची घडण ध्यानात घेतली पाहिजे.

एकचाकी म्हटल्यावर सर्कशीतील कसरतपटूचे पायडल मारीत चालविलेले उंच चाक डोळ्यांपुढे येते. प्रस्तुत वाहन त्याहून वेगळे. शेन चेन या अमेरिकेतील संशोधकाने २०११ साली ‘सोलोव्हील’ या नावाने ते बाजारात आणले, आणि पुढे त्याचे अनेक प्रकार निघाले. चाकाच्या तुंब्यातच विजेची मोटर असते. दोन्ही बाजूंस पाय ठेवण्याच्या पट्ट्या असतात व त्यांवर स्वार उभा राहतो. तो पुढे झुकला की आतील संवेदक तो झुकाव ओळखतात आणि मोटर चाकास पुढे नेऊन त्याला सावरते. म्हणजे पुढचा-मागचा तोल यंत्राच्या स्वाधीन, आणि डावा-उजवा तोल स्वाराच्या. सायकलीला हॅण्डल असते, पुढचा चिमटा ठराविक कोनात तिरपा बसविलेला असतो, दोन चाकांत अंतर असते. तिची चाल मुख्यतः या रचनेवर ठरते आणि टायरमधील हवेचा प्रभाव त्यानंतर येतो. एकचाकीत यांपैकी काहीही नाही. स्वाराच्या पायांनी दिलेली प्रत्येक आज्ञा जमिनीपर्यंत पोहोचते ती टायरच्या एका लहानशा ठशातून, आणि त्या ठशाचा आकार ठरविणारा सर्वांत सहज बदलता येण्याजोगा घटक म्हणजे हवेचा दाब.

हा ठसा किती मोठा असतो? टायरच्या स्वतःच्या ताठरपणाचा भाग सोडून दिला तर एकूण वजनास दाबाने भागले असता ठशाचे क्षेत्रफळ मिळते. ७० किलोग्रॅम वजनाचा स्वार आणि २५ किलोग्रॅम वजनाचे यंत्र मिळून ९५ किलोग्रॅम होतात. दाब दर चौरस इंचास ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम असेल तर ठसा सुमारे ४५ चौरस सेंटिमीटरचा होतो. खेळावयाच्या पत्त्याहूनही हे क्षेत्र थोडे लहानच. दाब २० पौंडांवर आणला तर ते ६८ पर्यंत वाढते, आणि ४० पौंडांवर नेला तर ३४ पर्यंत उतरते. टायरचे कापड जाड व ताठ असेल तर प्रत्यक्ष आकडे याहून कमी भरतात, पण प्रमाण साधारण हेच राहते.

आता वळण्याचा प्रश्न. मंद गतीत स्वार कमरेपासून अंग फिरवून चाकास उभ्या अक्षाभोवती पीळ देतो. त्या वेळी ठशाचा प्रत्येक बिंदू जमिनीवर घासतो आणि त्या घर्षणाचे परिबल पिळास विरोध करते. ठसा वर्तुळाकार मानला तर हा विरोध त्याच्या त्रिज्येच्या प्रमाणात असतो, आणि त्रिज्या दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. दाब निम्मा केला तर विरोध दुप्पट होत नाही. तो सुमारे १.४ पट होतो. म्हणूनच चार-पाच पौंडांच्या फरकाने चाल अगदी पालटते असे सांगणाऱ्याच्या अनुभवात ठशाखेरीज आणखी काही मिसळलेले असले पाहिजे.

ते आणखी काही वेगात प्रकट होते. वेगाने जाताना चाक पिळून नव्हे, कलवून वळविले जाते. गोल काटछेदाचा टायर एका बाजूस कलला की तो शंकूसारखा लोळू लागतो व आपोआप त्या बाजूस वळतो. दाब अधिक असेल तर टायरचा माथा गोल राहतो आणि गुडघ्याच्या हलक्या रेट्यानेही चाक कलते. दाब कमी असेल तर माथा चपटतो. कललेल्या चाकाखाली जमिनीच्या प्रतिक्रियेचे केंद्र कलाच्या बाजूस सरकते आणि ती प्रतिक्रिया चाकास पुन्हा उभे करू पाहते. सरळ जाणाऱ्यास हा आधार वाटतो, वळू पाहणाऱ्यास अडथळा. पूर्वोक्त राशी ती हीच : दिशा बदलण्यास चाकाने केलेला विरोध.

एवढ्यावरून दाब कमी केला की स्थैर्य वाढतच जाते असे मात्र समजू नये. एका मर्यादेखाली टायरच्या बाजूच्या भिंतीच आडव्या डोलू लागतात. पायाने दिलेली आज्ञा आणि जमिनीवरील परिणाम यांत विलंब पडतो. येथे विरोध संपून ढिलेपणा सुरू होतो, आणि ‘मऊ’ या एकाच शब्दाने या दोन्ही अवस्था सांगितल्या जात असल्याने घोटाळा होतो. शिवाय खड्ड्याच्या कडेवर ट्यूब धावेच्या कडेत चिमटून फाटण्याचा धोका असतोच. उलट अति कडक टायर खडबडीत रस्त्यावर उसळतो. उसळलेल्या क्षणी पकड नसते, आणि दुसरे चाक नसल्यामुळे ती उणीव कोणी भरून काढीत नाही. २०२० साली धक्काशोषक असलेल्या एकचाक्या बाजारात आल्या. ज्यांत ते नाहीत त्यांत मात्र धक्का शोषण्याचे काम टायर व स्वाराचे गुडघे यांनाच करावे लागते.

‘हवा किती आहे?’ हा मराठीतील नेहमीचा प्रश्न या संदर्भात विचार करण्यासारखा आहे. प्रश्न हवेच्या परिमाणाचा आणि ‘तीस पौंड’ हे उत्तर दाबाचे. आणि स्वारास जे जाणवते ते या दोहोंपैकी एकही नसून टायरचे दबणे होय, जे भारावर अवलंबून असते. ५५ किलोग्रॅमच्या स्वारास २५ पौंडांवर जो ठसा मिळतो, तोच ९० किलोग्रॅमच्या स्वारास त्याच यंत्रावर हवा असेल तर दाब ३६ पौंड ठेवावा लागेल. दोघांनी आपापले आकडे घेऊन वाद घातला तर दोघेही एकाच चालीची शिफारस करीत असूनही तो मिटणार नाही. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब हा तर सहनशक्तीचा आकडा. त्यास शिफारस समजून नवशिका तितकी हवा भरतो आणि पहिल्याच दिवशी चाक पायांखालून निसटू पाहते, तेव्हा तो दोष स्वतःच्या तोलास देतो.

हा आकडाही एकदा ठरविला की कायम राहतो असे नाही. २० अंश सेल्सिअस तपमानास ३० पौंडांवर भरलेला टायर धावल्यामुळे व तुंब्यातील मोटरच्या उष्णतेमुळे ४० अंशांपर्यंत तापला तर मापक सुमारे ३३ पौंड दाखवितो; कारण तपमानाच्या प्रमाणात वाढणारा दाब हा वातावरणाचा दाब धरून मोजलेला निरपेक्ष दाब असतो. दुपारी, धावून आल्यावर जुळविलेली चाल दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात सापडत नाही ती यामुळेच, आणि म्हणून दाबाचे मापन चाक थंड असताना, निघण्यापूर्वी केले जाते.