चार गळे, चार वाटा

वारकरी भजनात सगळे टाळकरी एकच चाल म्हणतात. सोळाव्या शतकातल्या युरोपच्या बहुस्वरी गायनात चार-पाच गट आपापली चाल घेऊन निघतात. एकाने टाकलेली ओळ दुसरा थोड्या वेळाने उचलतो. भिवंडीकरांना मागावरचा ताणा आठवावा: धागे सुटे, कापड एक.

पीटर फिलिप्स यांनी १९७३ मध्ये ऑक्सफर्डला विद्यार्थी असतानाच हेच बहुस्वरी संगीत गाण्यासाठी ‘टॅलिस स्कॉलर्स’ हा गायनवृंद उभा केला. वाद्य एकही नाही, गायक साधारण दहा, प्रत्येक चालीला दोघे. चर्चमध्ये वरचे सूर मुलं लावत. इथे ते स्त्रिया लावतात. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली असतील, पण कानाला ते खणखणीत लागतं. या वृंदाने गायलेल्या, जोस्कँ द प्रे या संगीतकाराच्या रचनांच्या ध्वनिमुद्रिकेला १९८७ मध्ये ‘ग्रामोफोन’ मासिकाचा वर्षातला सर्वोच्च सन्मान मिळाला. एवढ्या जुन्या संगीताला तो पहिल्यांदाच.

आपल्याकडे मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी समूहगायन रुजवलं. त्यांच्या ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ या रचनेत तर शब्दच नाहीत, नुसते सूर. १९६७ मध्ये ते गेले आणि ‘परंज्योती अकॅडमी कोरस’ची धुरा कुमी वाडिया यांनी घेतली. संचालकाच्या जागी बाई, हे तेव्हा युरोपातही नवलाचंच होतं.