मेंदूवरचा मार किती जुना?

सोमवारी भांडण झाले, गुरुवारी जालना रोडवर दुचाकी घसरली, शनिवारी मृत्यू. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात असे प्रकरण आले की पोलीस आणि नातेवाईक, दोघेही एकच विचारतात : जीव नेमका कोणत्या माराने गेला?

गैरसमज : शवविच्छेदनात माराची नेमकी वेळ कळते.
वस्तुस्थिती : कळतो तो मार आणि मृत्यू यांमधला अंदाजे काळ, कारण जखमेला प्रतिसाद फक्त जिवंत शरीर देते. काही तासांत न्यूट्रोफिल पेशी गोळा होतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज पेशी सांडलेल्या रक्तपेशी गिळू लागतात. त्यांच्यातले लोह साधारण ३-४ दिवसांनी पर्ल्स रंजकाने निळे दिसते. मात्र हे निळे ठिपके वर्षानुवर्षे टिकतात. म्हणजे या ठिपक्यांवरून इजा किमान किती जुनी ते सांगता येते, जास्तीत जास्त किती ते नाही.

गैरसमज : जुन्या गुठळीत ताजे रक्त दिसले, म्हणजे पुन्हा मारहाण झाली.
वस्तुस्थिती : मेंदूच्या आवरणाखालच्या गुठळीभोवती पडदा धरतो. त्यातल्या नव्या, नाजूक रक्तवाहिन्या मार न लागताही फुटू शकतात. वयस्करांत किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत तर किरकोळ धक्क्यानंतरही काही आठवड्यांनी त्रास सुरू होऊ शकतो.

गैरसमज : मारानंतर तो चालत-बोलत होता, म्हणजे मार साधाच होता.
वस्तुस्थिती : कवटी आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचताना माणूस काही तास शुद्धीवर राहू शकतो आणि मग एकाएकी कोसळतो.

गैरसमज : सीटी स्कॅन गुठळीचे वय अचूक सांगतो.
वस्तुस्थिती : गुठळी साधारण ३ दिवसांपर्यंत पांढरी, ३ आठवड्यांपर्यंत मेंदूसारखीच करडी आणि नंतर काळपट दिसते. पण रक्तक्षय असेल तर ताजे रक्तही करडे दिसू शकते.

गैरसमज : अहवालाला उशीर, म्हणजे काहीतरी दडपले जातेय.
वस्तुस्थिती : ताजा मेंदू इतका मऊ असतो की नीट कापताच येत नाही. बारकाईने तपासायचा तर तो दोन-तीन आठवडे फॉर्मलिनमध्ये ठेवून घट्ट करतात. मग काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

या सगळ्या मर्यादांमुळे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत ग्राह्य असले, तरी न्यायालय ते इतर पुराव्यांशी ताडून पाहते. पहिला सीटी स्कॅन, दाखल होतानाची एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद आणि पहिल्या डॉक्टरांचा कागद नातेवाइकांनी जपून ठेवावा. सूक्ष्मदर्शक दिवसांचा पल्ला सांगतो, तारीख त्या कागदांतूनच ठरते.